तळहातावरचं लिंबू

या, मायबापांनो, जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. एका तळहाताची गोष्ट सांगतो. लिंबाएवढीच आहे, पण झोंबेल.

आश्विनातली सोनसकाळ. पंचगंगेच्या पाण्यावर ऊन उतरलेलं, झेंडूपिवळं, हळदओलं. तालमीच्या तांबड्या मातीत ताक मुरलेलं, आणि खंडेनवमीच्या पाटावर दांडपट्टा निजलेला: विद्युल्लतेसारखा लवचिक, पोलादी खोबळ्यात कोपरापर्यंत हात गिळणारा.

वीस वर्षं त्या पट्ट्यावर थोरल्या शागिर्दाची, मल्हारीची नजर. वीस वर्षं तीच माती, तोच घाम, तीच आस. आणि कुंभाराची सुगंधा, दोन वर्षांची शागीर्द! बाळोबा वस्ताद तिचा पवित्रा पाहून हसत. ते हसू मल्हारीच्या काळजात कुसळासारखं रुते.

"तालमीचा पट्टा आज कुणाचा, ते लिंबू ठरवंल," वस्ताद म्हणाले. "धर, पोरी."

सुगंधेने तळहात पसरला. त्यावर लिंबू, पहाटताऱ्याएवढं. मल्हारीने खोबळ्यात हात घातला.

"मडकी थापायचा हात हाय, जप," तो कुजकं हसला.

"मडकं फुटलं तर दुसरं घडवंन, दादा. तुम्ही लिंबूच कापा म्हंजे झालं."

पट्टा फिरला. वीज लवली. वीज लवली आणि मत्सरही लवला, केसभर खाली. लिंबू दुभंगलं, तळहातावर कुंकवाची बारीक रेघ उमटली, रेघेत रस उतरला. हात ढळला नाही. मूठ मिटली नाही.

वस्तादांनी रेघ पाहिली. "आता तू धर, मल्हारी."

सुगंधेने पट्टा चढवला. मल्हारीने तळहातावर दुसरं लिंबू घेतलं. स्वतःच्या मनातलं विष त्याला तिच्या निर्मळ डोळ्यांत दिसत होतं. पट्टा हलण्याआधीच त्याने हात मागे घेतला; लिंबू घरंगळलं, मातीत गेलं.

"पट्टा म्हंजे राज्य, गड्या, आणि तळहात म्हंजे रयत," वस्ताद हळू बोलले. "ज्याला घडीभर रयत हुता येत न्हाई, त्याच्या हाती राज्य कसं द्यावं? असू दे पट्टा पोरीच्या हातात. खोबळ्याची चामडी वादी तिच्या हातावर तूच बांध."

मत्सर विरला का? नाही हो. वादी आवळताना मल्हारीची बोटं निखाऱ्यासारखी जळत होती. पण गाठ त्याने सैल सोडली नाही.

पट्टा विसरलात तरी चालेल, मायबापांनो. कधी तुमच्या हाती चार माणसांचं बरंवाईट आलं, तर कुंभाराची सुगंधा आठवा. रस झोंबत असताना, रक्त झरत असतानाही उन्हात उघडाच राहिलेला तो हात आठवा.