वरच्या खोलीतलं ऑफिस

स्नेहलने वरच्या खोलीचं कुलूप काढलं, चपला दाराबाहेर ठेवल्या आणि टेबलावरच्या लॅपटॉपचं बटण दाबलं. मग खुर्चीत बसून ती वाट बघू लागली. थोड्या वेळाने स्क्रीनवरचा बाण आपोआप हलला. इकडे गेला, तिकडे गेला, एक चौकट उघडली आणि तिच्यात भराभर अक्षरं उमटायला लागली. तिकडे गुहागरला किमया कामाला बसली होती.

पहिल्या दिवशी स्नेहल या बाणाला घाबरली होती. आता तिला त्याचा राग यायचा.

किमया अकोल्याची, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला. स्नेहलच्या नवऱ्याने, कैलासने, हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या घरावर मजला चढवला तेव्हापासून वरच्या खोलीत भाड्याने राहणारी. घरून काम करा, पण घर पुण्यातच हवं, असा तिच्या कंपनीचा नियम. लॅपटॉप दुसऱ्या गावी नेला की म्हणे त्यांना कळतं. किमयाने त्यावर तोड काढली. कंपनीचा लॅपटॉप इथेच चालू ठेवायचा आणि स्वतःच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून तो लांबून चालवायचा. दिवाळी झाली तशी ती बॅग भरून समुद्राकाठी राहायला गेली. किल्ली स्नेहलकडे. सकाळी बटण दाबायचं, संध्याकाळी बंद करायचं, आणि लाइट गेली तर वायफायच्या डबीची पिन काढून इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये घालायची. काम एवढंच.

पण सासूबाईंनी, गोजराबाईंनी, त्याचं भलतंच मोठं करून ठेवलं होतं. "आमची सून कंपनीचं काम बघती," असं त्या आल्यागेल्याला सांगत. सकाळी स्नेहल जिना चढली की तिला खालून कुणी हाक मारायची नाही. कैलास आपला चहा आपण करून घ्यायचा. पाहुणे आले तरी गोजराबाई त्यांना हळू बोलायला लावत. स्नेहल चांगली तास-दीड तास वर बसायची, आणि त्या वेळात मनातल्या मनात किमयाचा हेवा करायची.

करणार नाही तर काय? स्नेहलचं माहेर ताम्हिणीचं. समुद्राकडे जाणारा रस्ता तिच्या दारावरून गेलेला. लहानपणी आईबरोबर तिने त्या रस्त्यावर कणसं भाजून विकली होती. जाणाऱ्या गाड्यांतली माणसं घाईत असायची, परतणारी पेंगुळलेली, आणि त्यांच्या पोरांच्या पायांना वाळू लागलेली असायची. स्नेहलने वाळू पाहिली होती. समुद्र अजून पाहिला नव्हता. लग्न झाल्यापासून कैलास म्हणत होता, जाऊ. लावणी झाली की जाऊ, काढणी झाली की जाऊ, मजला पुरा झाला की जाऊ. आणि ही अकोल्याची पोर, जिच्या गावापासून समुद्र कुठल्या कुठे, ती जाऊन तिथे संसार मांडून बसली होती. रोज फोटो पाठवायची. सुरूच्या झाडाखाली मांडलेलं टेबल. तिथल्या घरमालकीण काकूंनी केलेली घावनं. या काकूंवर तर स्नेहलचा विशेष राग होता.

मे महिन्यातली गोष्ट. आदल्या दिवशी किमयाचा फोन आला.

"ताई, उद्या माझं क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आहे हं. प्रमोशनचं सगळं त्याच्यावर आहे. लाइट गेली तर प्लीज लगेच पिन बदलाल?"

"बदलते की. त्यात काय?"

सकाळी नेहमीप्रमाणे फोटो आला. या वेळी नुसते पाय होते, घोट्यापर्यंत पाण्यात. कैलासने तो स्नेहलच्या खांद्यावरून पाहिला.

"मजा हाय बुवा पोरीची."

"आपन बी जाऊ म्हनला व्हता तुमी."

"आगं, जाऊ म्हनून कुनी जातं व्हय? त्याला जिगर लागती. बघ की, येकली पोर, उचलली पिशवी आन् गेली. तुज्याच्यानं व्हनार हाय का?"

तो हसत म्हणाला आणि हसतच गाडीला किक मारून निघून गेला. स्नेहलच्या अंगाचा तिळपापड झाला. ती वर आली, बटण दाबलं, खुर्चीत बसली. दुपारपर्यंत खाली उतरलीच नाही, आणि कुणी बोलावलंही नाही.

जेवणाच्या वेळेला वारं सुटलं. खिडकीची झडप आपटली, पंखा मंदावला आणि थांबला. वायफायच्या डबीवरचा हिरवा दिवा विझला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. फक्त बाण स्क्रीनच्या मधोमध येऊन थबकला होता.

इन्व्हर्टरचा प्लग हातभर अंतरावर होता. स्नेहल उठली नाही.

फोन वाजायला लागला. तिने तो मांडीवर पालथा घातला. पुन्हा वाजला, पुन्हा. तिला बरं वाटत होतं, ते ती स्वतःपासून लपवतही नव्हती. बस म्हणावं आता पाण्यात पाय सोडून. बघू तुझी जिगर. बाण मेल्यासारखा पडून होता आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

लाइट आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मग तिने फोन उचलला.

"आगं, मी शेताकडं गेलते. फोन घरातच ऱ्हायला."

पलीकडून आधी नुसता लाटांचा आवाज आला.

"काही नाही, ताई," किमया म्हणाली. "मी सरांना सांगितलं, लाइट गेलीय. ते म्हणाले, मग ऑफिसला ये. चांद्याहून पंधरा मिनिटं तर लागतात. काय सांगणार होते मी?"

रविवारी किमया आली. उन्हाने काळवंडली होती आणि आधीपेक्षा सुंदर दिसत होती, हे स्नेहलच्या नजरेतून सुटलं नाही. नोकरी वाचली होती. प्रमोशन गेलं होतं, आणि आता रोज ऑफिसला जावं लागणार होतं.

"तुमचा काय दोष, ताई? लाइटचं कोणाच्या हातात असतं? उलट तुमच्यामुळे एवढे दिवस तरी राहता आलं."

स्नेहल कशीबशी हसली. कमरेची किल्ली काढून तिने किमयाच्या हातावर ठेवली.

सोमवारी सकाळी भाकऱ्या उरकल्या आणि तिचे पाय सवयीने जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर ती थांबली. तेवढ्यात मागून कैलासने हाक मारली, "स्नेहल, च्या टाक." शेजारची कल्पना पीठ मागायला आली ती मोठमोठ्याने बोलत बसली. तिला कुणी हळू बोल म्हटलं नाही.

किमया ऑफिसला निघताना खाली आली. तिच्या हातात एक घमेलं होतं.

"ताई, हे बहुतेक तुमचं आहे. खोली आवरताना सापडलं."

तिने घमेलं जमिनीवर ठेवलं. पाठीला घ्यायची उशी. निम्मं विणलेलं मण्यांचं तोरण. खाऱ्या दाण्यांची पुडी. गुलाबी नेलपॉलिशची बाटली. दांडीचा आरसा. शाळेतल्या मैत्रिणींबरोबरचा एक जुना फोटो, जो स्नेहलने तिकडे भिंतीला लावला होता. एवढं सगळं आपण कधी वर नेलं, तिला आठवेना.

किमया गेली. खाली बसून लसूण सोलत असलेल्या गोजराबाईंनी घमेलं जवळ ओढलं. बाटली उचलून उजेडात धरली.

"ह्ये कंपनीचं काम व्हय गं?"

स्नेहलने मान खाली घातली. आता गावभर हसं होणार, असं तिला वाटलं.

"मला ठावं व्हतं," गोजराबाई म्हणाल्या. "थंडीत येकदा चढले व्हते वर. तू खुर्चीत पाय घिऊन बसली व्हतीस, डोळं मिटून. गानं म्हनत व्हतीस कसलं तरी. तशीच माघारी उतरले."

"मंग बोलला न्हाई का, आत्या?"

गोजराबाईंनी बाटली परत घमेल्यात ठेवली आणि लसणाची दुसरी कुडी फोडली.

"काय बोलू? लई जळले बघ तुज्यावर तवा. उभा जलम ग्येला ह्या घरात, मला मेलीला कुनी अशी किल्ली दिली न्हाई कंदी."

जिन्यावर पावलं वाजली. किमया काहीतरी विसरली होती, ती धावत परत वर गेली. खोलीचं दार उघडलं, बंद झालं, आणि कुलपात किल्ली फिरली. दोघींनीही मान वर करून ऐकलं.