पोशव्वाचे खांदे

"खांदे खाली सोड की जरा, पोशव्वाक्का."

"खालीच तर आहेत!"

कानाला लागले होते. मला हसू आलं. "अगं, डूल अडकतायत खांद्यांना!"

बिड्या वळून वळून आम्ही सगळ्याच आखडलेल्या, पण पोशव्वाचं वेगळं होतं. तिचा पोरगा श्रीनू गावच्या तलावात बुडाला. काठावर ठेवलेल्या पोराचं तोंड बघायला ती वाकली, ती शेवटची. त्यानंतर रडली नाही, वाकलीही नाही. पडलेलं पान उचलायचं तरी ताठच खाली बसायची. बतुकम्माच्या सणाला तरवडाच्या, कुर्डूच्या फुलांची उतरंड मन लावून रचायची, पण तलावात सोडायला माझ्या डोक्यावर द्यायची. वाकून टाळ्या देत फेर धरणं तर बंदच. आणि आम्ही? मिरवणूक तिच्या दारावरून जाताना तिच्या दुःखाचा मान राखून टाळ्या थांबवायचो.

महिला केंद्रात आखडलेली अंगं मोकळी करायला शिकवणाऱ्या सरोजाने श्रीनूबद्दल काहीच विचारलं नाही. "कुठं अडकतंय?" एवढंच.

"पोटात. धोंडा आहे."

"हात ठेव त्यावर. हाकलू नकोस त्याला. पाय जमिनीला टेकलेत का बघ. आता डुल, जमेल तेवढं."

"हात ठेवून बरं वाटलं असतं तर दवाखाने ओस पडले असते," मी म्हणाले. पण सोबत म्हणून मीही डुलायचे. रोज दुपारी, बिडीची पानं भिजत असताना. हळूहळू तिचा श्वास खाली उतरू लागला. एकदा सुपातून पडलेली बिडी तिने चक्क वाकून उचलली.

सणाच्या संध्याकाळी तिच्या दारापाशी टाळ्या थांबल्या. पोशव्वा उतरंड डोक्यावर घेऊन बाहेर आली.

"थांबता कशाला गं? तुम्ही गप्प झालात की मला पाणी ऐकू येतं."

इतकी वर्षं मान म्हणून हेच देत होतो तिला!

तलावाच्या पायरीवर तिचे खांदे पुन्हा वर चढले. तिने पोटावर हात ठेवला, पावलं दाबून बघितली आणि वाकली. फुलं तरंगत निघाली. ती तशीच वाकलेली, हात पाण्यात. मग "श्रीनू रे!" म्हणून असा हंबरडा फोडला, की सवयीने सगळ्यांचे हात थांबले.

मी टाळ्या वाजवत राहिले, रडत, एकटीच. थोड्या वेळाने ओल्या हातांची टाळी ऐकू आली.