शिडाची खोळ

मित्रांनो, मी एक जुनी खोळ आहे. उशीची नव्हे, शिडाची. होडी धक्क्याला लागली की गुंडाळलेल्या शिडाला उन्हापासून झाकायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म भांडणातून झाला. होडीच्या मालकाला सगळे थट्टेने कप्तान म्हणत. एका दुपारी भर पाण्यात वारा जरा वाढला आणि त्याचे शीड टरकन फाटले. वल्ही मारत, हाताला फोड घेऊन तो कसाबसा परतला. धक्क्यावर त्याची थोरली बहीण वाट पाहत होती. ती घरी कपडे शिवायची. तिने शीड चिमटीत धरले, तर त्याचा भुगा झाला.

"वाऱ्यानं नाही, उन्हानं खाल्लंय हे," ती म्हणाली. "सहा वर्षं उघडं ठेवलंस."

"ताई, शीड आहे ते. त्याला काय टोपी घालू?"

"तू राहू दे. मीच घालते."

होडीत पाय ठेवताच ताईच्या पोटात ढवळे. तरी ती टेप घेऊन चढली, आणि माप घेता घेता दोनदा ओकली. मग जाड कापड आणून, खोलीतले टेबल भिंतीला सारून तिने मला जमिनीवर बेतले. मी शिवून झाले तेव्हा कापडाचा दुकानदार म्हणाला, "साधा दोरा उन्हात वर्षभरही टिकायचा नाही." ताईने मला सबंध उसवले आणि चिवट दोऱ्याने पुन्हा शिवले.

कप्तान एवढेच म्हणाला, "बरी आहे."

पण एकोणीस वर्षे त्याने मला रोज न चुकता घातले. शीड पांढरेशुभ्र राहिले, मी विटत गेले. ताई दरवर्षी माझे टाके नीट करी. मग एक दिवस ती गेली. कप्तानाने होडीवर जाणेच सोडले, आणि मी माळ्यावर जाऊन पडले.

यंदा त्याची लेक म्हणाली, "बाबा, होडी आता मी चालवणार. पण आधी नवी खोळ." नवे कापड बेतण्यासाठी तिने मला उसवायला घेतले. मला भीती वाटली, खोटे कशाला बोलू?

मध्येच तिचा हात थांबला. "बाबा, डोलकाठीकडच्या टोकाला आत्यानं वीतभर कापड जास्त सोडलंय. चुकली का?"

कप्तानाने ते टोक हातात घेतले आणि बोटांनी चाचपून पाहिले.

"चुकली नाही गं. लहानपणी माझा खांदा मोडला होता. हात अजून पुरता वर जात नाही, आणि डोलकाठीपाशी खोळ उंचावर बांधावी लागते. मला खालूनच बांधता यावं म्हणून सोडलंय तिनं." त्याने ते टोक तिच्या हातात परत दिले. "इतकी वर्षं बांधत होतो, पण कधी डोक्यातच आलं नाही."

"मग मी तेवढं कापून टाकू? माझा हात पोचतो."

"नको. राहू दे."

लेकीने वीतभर कापड जास्त धरून खडूची रेघ ओढली.

मित्रांनो, उन्हात उभ्या असलेल्या वस्तूवर वेळेवर पांघरूण घाला. आणि तुमच्यासाठी कोणी काही शिवले असेल, तर ते एकदा उलटून, आतूनही पाहा. शिवणारे माणूस शेजारच्या खोलीत आहे, तोवरच पाहा.