चौथ्या कक्षाची खिडकी

मी जुनी आहे हे मी मान्य करते. निरुपयोगी आहे हे मात्र मान्य करणार नाही. मित्रांनो, लिमा शहराच्या पूर्वेला, उघड्याबोडक्या टेकडीच्या पायथ्याशी, छातीच्या रोग्यांचे एक रुग्णालय आहे. तेथील स्त्रियांच्या चौथ्या कक्षात, उत्तरेच्या भिंतीत, मी ऐंशीहून अधिक वर्षे उभी आहे. माझ्या बरोबर समोर, दक्षिणेच्या भिंतीत, माझी जुळी बहीण आहे. आम्हा दोघींच्या मध्ये बारा पलंग आहेत.

आम्हाला घडवले तेव्हा क्षयावर औषध नव्हते; हवा होती. ज्या डॉक्टरांनी हा कक्ष आखला, त्यांनी छत दोन पुरुषांहून उंच ठेवले आणि सुताराला एकच ताकीद दिली: खिडकी उघडी ठेवणे सोपे जावे आणि बंद करणे कठीण. सुतार आज्ञाधारक होता. समुद्रावरून आलेला वारा बहिणीतून आत शिरतो आणि बारा जणींचा खोकला बरोबर घेऊन माझ्यातून बाहेर पडतो. हे काम आम्ही बिनबोभाट केले, म्हणूनच कदाचित ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

उलट, आम्हाला शिव्याच अधिक मिळाल्या. या शहरात पाऊस जवळजवळ पडत नाही, पण हिवाळाभर ओले धुके अंगाला चिकटते, आणि वाऱ्याची झुळूक लागली की तोंड वाकडे होते अशी येथे सर्वांची पक्की समजूत आहे. माझ्याखालच्या पलंगावरील तेओफिला, जिला सारे आदराने 'दोन्या' म्हणत, रस्त्यावर सातूचा गरम काढा विकणारी बाई. ती रोज माझ्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबी. मुख्य परिचारिका एउदोसिया कार्वास रोज ते उपसून काढी.

"सेन्योरिता, माझं तोंड वाकडं झालं तर काढा कोण घेईल माझ्याकडून?"

"वाकडं तोंड मी सरळ करून देईन, मामिता. फुप्फुस सरळ करणं मला जमत नाही. हे घे आणखी एक ब्लँकेट."

"आणि कालचा पेपर? अजून वाचून व्हायचाय माझा."

"तुला वाचता येत नाही."

"म्हणून तर वेळ लागतो."

मग शेजारी नवी इमारत उभी राहिली. तिचे कौतुक मी रोज ऐकत होते: बुटके, स्वच्छ छत, न उघडणाऱ्या काचा, हवा खेळवणारे यंत्र. मत्सरापोटी बोलते असे वाटू नये, म्हणून घडले तेच सांगते. तपासणीच्या खोलीत यंत्र घरघरत असे. त्या घरघरीत डॉक्टरांना नळीतून छातीचा आवाज ऐकू येत नसे. म्हणून ते यंत्र बंद करत. दोष डॉक्टरांचा नव्हता. ज्या खोलीत ऐकण्याचे काम चालते, तिच्यात घरघरणारे यंत्र बसवणाऱ्याने रोग्याचा विचार केला नव्हता आणि डॉक्टरचाही. त्या खोलीत नेलिदा ही तरुण परिचारिका रोज सहा तास रोग्यांची नावे लिहीत बसे. तीन वर्षांनी ती चौथ्या कक्षात आली, ती कामावर नव्हे. दोन्या तेओफिलाच्या शेजारचा पलंग तिला मिळाला.

त्याच महिन्यात इंजिनिअर साल्दिवार नकाशा घेऊन आले. चौथा कक्षही नव्या इमारतीसारखा करायचा होता: छत खाली, खिडक्या बंद. बहिणीपासून सुरुवात झाली. गवंड्याने तिच्यात जवळजवळ वरपर्यंत विटा रचल्या. त्या दिवशी मी सताड उघडी होते, तरीही माझ्यातून वाऱ्याचा जेमतेम अंश गेला. एकटी खिडकी म्हणजे भिंतीवरचे चित्र.

तो ऑक्टोबर होता, जांभळ्या पोशाखातल्या धार्मिक मिरवणुकीचा महिना. एउदोसिया तीस वर्षे त्या मिरवणुकीत धूपदान घेऊन चालणाऱ्या बायकांपैकी एक. विटा रचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती जांभळ्या झग्यात, हातात धूपदान घेऊन इंजिनिअरांसमोर उभी राहिली.

"इंजिनिअर, तुमचं घड्याळ बरोबर चालतं?"

"मिनिटाचाही फरक नाही. का? मिरवणुकीला बोलावताय?"

"मिरवणूक इथेच आहे. चला."

जेवणाची वेळ होती आणि नव्या इमारतीतील तपासणीची खोली रिकामी होती. एउदोसियाने यंत्र बंद केले, चिमूटभर धूप जाळला, धूपदान बाहेर ठेवले आणि दार लावून घेतले. अर्ध्या तासाने दार उघडले, तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर अजून धुरकट दिसत होते, असे परत आल्यावर इंजिनिअर स्वतःच डोळे पुसत म्हणाले.

नंतर ती मंडळी आमच्याकडे आली. सगळ्या बायका अंगणात उन्हाला बसल्या होत्या. एउदोसियाने गवंड्याला वरच्या अर्ध्या भागातील विटा काढायला लावल्या. चुना अजून ओला होता. मित्रांनो, त्या क्षणी मला भीती वाटली. मी हरले असते, तर बारा पलंग हरले असते. एउदोसियाने तेवढाच धूप जाळला. धूर छताकडे चढला, थबकला, आणि मग बहिणीकडून आलेल्या वाऱ्याने त्याला माझ्याकडे ढकलले. मी त्याला बाहेर जाऊ दिले. एवढेच मला येते.

"सहा मिनिटं," इंजिनिअर घड्याळाकडे पाहत म्हणाले. मग सावरून म्हणाले, "पण सेन्योरिता, धूर म्हणजे काही शास्त्र नव्हे."

"नव्हेच. पण घड्याळ तुमचं आहे."

दाराशी, तोंडाला मुखपट्टी बांधून, नेलिदा उभी होती. ती फार हळू बोलली, कारण तिला श्वास पुरत नव्हता.

"इंजिनिअर, त्या खोलीतली हवा मला अशी दिसली असती, तर मी पहिल्याच दिवशी उठून गेले असते. दिसली नाही. तुम्हाला आज दिसली."

इंजिनिअरांनी नकाशा उलगडला नाही. संध्याकाळपर्यंत गवंड्याने बहिणीतील सर्व विटा उतरवून अंगणात रचल्या. पुढे त्याच विटांचा ओटा झाला. त्यावर बायका उन्हाला बसतात. नव्या इमारतीचे बुटके छत अजून तसेच आहे, आणि माझे त्याच्याशी भांडण संपलेले नाही. पण आठ महिन्यांनी नेलिदा बरी होऊन कामावर परतली, तेव्हा तिने तपासणीच्या खोलीत पाय ठेवण्याआधी समोरासमोरच्या दोन काचा काढायला लावल्या आणि तेथे बिजागऱ्या बसवून घेतल्या. दोन्या तेओफिला तिच्याआधीच घरी गेली. जाताना तिने नव्याने आलेल्या रोगिणीला माझ्या फटीत कागद कोंबताना पकडले आणि तिच्या हातावर चापट मारली.

मित्रांनो, माझ्यावर माया असेल तर बिजागऱ्यांना तेल घाला, काचा पुसा, रंगही द्या. फक्त रंगारी माझी फट रंगाने बुजवू लागला की त्याचा हात धरा. आणि कोणी नकाशा उलगडून तुम्हाला सुंदर बंद खोली दाखवली, तर आत कोण बसणार आहे हे आधी विचारा, आणि चिमूटभर धूप मागा.