चहाचा बंब आणि पहिली पेटी

त्या सकाळी माझ्या नळीत नेहमीसारखाच कोळसा पेटला होता. वरकुट्याच्या केळीच्या शेडमध्ये हंगामातली पहिली पेटी भरायची होती. आबाजी माझ्या तोटीखाली पेला धरून बसले होते. त्यांची मुलगी राजेश्वरी इंदापूरला आपले औषधांचे दुकान उघडायला निघाली होती.

"ए बाय, एक घोट तरी घेऊन जा की."

"राहू द्या आबा, उशीर होतोय."

तो आमचा शेवटचा साधा दिवस होता.

मित्रांनो, मी एक जुना पितळी समोवार आहे. तुम्ही आंघोळीचा बंब पाहिला असेल, तर मला लगेच ओळखाल. मध्ये निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, खाली तोटी आणि डोक्यावर चहाची किटली. इराणमधल्या बुरुजर्द गावी मी घडलो. त्याच सुमारास त्या देशात राज्य उलटले आणि अमेरिकेने त्याच्यावर निर्बंध घातले. पुढे आणखी देश त्यात सामील झाले. निर्बंध म्हणजे अख्ख्या देशाला वाळीत टाकणे. त्याच्याशी व्यापार नाही, पैशांची देवघेव नाही. राज्य करणारे वठणीवर यावेत, हा हेतू सांगितला जाई. मी मात्र स्वयंपाकघरात होतो, मला तिथलेच दिसले. पाहुण्याला दुसरा पेला विचारण्याआधी घरची बाई चहाच्या डब्यात डोकावून पाहू लागली.

निर्बंधांची ही गाठ कधी सैल होई, कधी आवळली जाई. अशाच एका सैल काळात माझा मालक फरहाद केळी खरेदी करायला वरकुट्यात आला आणि मला आबाजींना भेट देऊन गेला. शेडमध्ये केळी धुणाऱ्या कुशाबाईंनी मला पाहून कपाळाला हात लावला.

"आगं बया! ह्यात चहा करायचा का आंघूळ?"

तेव्हापासून मी चहाचा बंब झालो.

फरहाद दातांत साखरेचा खडा धरून चहा पीत असे. आबाजींनी त्याच्या हातावर गूळ ठेवला. "साखर कारखान्याला, गूळ पावण्याला!" दोघे गूळ दातांत धरून माझ्यापुढे तासन्‌तास बसत. बोलायला भाषा अपुरी पडे, पण चहा पुरत असे.

दर हंगामातल्या पहिल्या पेटीला कुशाबाई हळदीकुंकू लावत. ती पेटी बाजारात जात नसे. फरहाद ती घरी नेई आणि त्याची मुलगी शिरीन ती उघडे. शिरीनला लहानपणापासून दुसऱ्याचे रक्त द्यावे लागे. त्या रक्तातले लोह अंगात साचू नये म्हणून एक औषध रोज लागे.

दोन हजार अठरा साली गाठ पुन्हा आवळली. औषधांना कागदावर सूट होती. पण पैसे पोचवायला बँक तयार नव्हती आणि माल न्यायला जहाज. शिरीनचे औषध मिळेनासे झाले. फरहादने फोन केला. राजेश्वरीने औषध मिळवले, पण पार्सल कोणी घेईना. "कागद पुरे करतेय आबा, थोडं थांबा," ती म्हणत होती.

सुरुवातीला सांगितले त्या सकाळी ती दुकानाकडे गेली आणि आबाजींनी तिने आणून ठेवलेली औषधाची खोकी कुंकू लावलेल्या पहिल्या पेटीत, केळ्यांच्या फण्यांखाली ठेवली.

"कुशे, पोरीला बोलू नगंस."

"म्या कशाला बोलतीय? पर पोचंल न्हवं?"

"आपली पेटी कवा चुकलीय व्हय?"

केळी घेऊन निघालेले जहाज वाटेतल्या एका बंदरात थांबले. पुढे इराणला जायला ते तयार होईना. केळी तिथेच पिकली, काळी पडली आणि सगळा माल फेकून देण्यात आला. कुंकवाची पेटीही त्यातच गेली. तेव्हा कुठे आबाजींनी मुलीला सांगितले.

"औषध म्हणजे काय केळं आहे का आबा, पेटीत घालून धाडायला?" राजेश्वरी माझ्यासमोरच म्हणाली. "थांबला असता तर कागदानं गेलं असतं!"

तिने पुन्हा औषध मिळवले, कागद पुरे केले, पार्सल पाठवले. त्याचे पुढे काय झाले, हे आबाजींनी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. थंडीत शिरीन गेल्याचा फोन आला. आबाजींनी माझ्यातले पाणी ओतून दिले, मला माळ्यावर पालथे घातले आणि पुन्हा कधी पेटवले नाही. गूळही सोडला. मी हिरवा पडत गेलो. खाली आबाजींचा खोकला तेवढा ऐकू येई. यंदा तोही थांबला.

मित्रांनो, माझ्यावरचा हिरवा थर काढायला चिंच पुरते. माणसाच्या मनावर चढलेला तसा निघत नाही. म्हणून तुम्ही कुणाला वाळीत टाकाल, तेव्हा त्या घरात आजारी कोण आहे, एवढे आधी विचारा. आणि सांगायचे असेल ते, ऐकणारा समोर बसलेला असतानाच सांगा.

आबाजींच्या तेराव्याला आलेले पाहुणे पांगल्यावर राजेश्वरीने मला खाली काढले, घासले, पेटवले. दोन पेले भरले. एक आबाजींच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला, शेजारी गुळाचा खडा. आपल्या पेल्याला तिने हात लावला नाही. माझ्यातले पाणी खदखदत असताना ती खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"आबा, कागदानं पाठवलेलं पण परत आलं होतं. दुकानात मागच्या फळीवर अजून आहे."