देव्हाऱ्यातली सीडी

वाघोलीत गेनबाच्या दारात सकाळीच चपलांचा ढीग पडला होता. आत टेबलावर संगणक. मॉनिटरला झेंडूची माळ, माऊसला हळदकुंकू. पडदा उजळला आणि गर्दी पुढे झुकली. विंडोज उघडण्याआधीच एक करडी चौकट वर आली. अक्षरं इंग्रजी, पण बोल मराठीच: "लेकीचं पाऊल वेशीबाहेर पडेल, तर घराचा दिवा विझेल." खाली एकच बटण, ओके.

गेनबाची बायको कौशल्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. ते वाक्य तिला वाचावं लागत नव्हतं. आठ दिवस ते तिच्या छातीत जात्यासारखं फिरत होतं. लेक तेजस्विनीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. उद्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. कॉलेज वेशीबाहेर, आणि घराचा दिवा म्हणजे गेनबा, रोज नगर रस्त्यानं मोटरसायकलवर कामाला जाणारा. त्याच रस्त्यानं तिचा दीर नेला होता. संध्याकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत तिची भाकरी तव्यावर करपायची.

ओके मात्र कुणी दाबत नव्हतं. दाबलं म्हणजे शापाला 'बरं' म्हटलं, असं उत्तरेश्वरबुवांनी बजावून ठेवलं होतं. बुवा आधी संगणक जोडून विकायचे; हाही त्यांनीच विकलेला. नारळ फोडून, डोळे मिटून ओके दाबायचा मान त्यांचा एकट्याचा. आज त्यांनी सगळ्यांदेखत हार्ड डिस्क फॉरमॅट केली, देव्हाऱ्यात पुजलेली सीडी घालून विंडोज नव्यानं चढवली, आणि तरी चौकट परत आली होती.

"हार्ड डिस्क म्हंजी देह," बुवा डोलत म्हणाले. "देह पुसला. आत्मा कसा पुसणार? अकरा अमावास्या लेक घरात ठेवा, आन् उताऱ्याला गळ्यातली ठुशी. देवी माऊली लई खवळलीय."

शेजारचा दत्तोबा मागे कुरकुरला. नातवासाठी बुवांकडून आणलेल्या त्याच्या संगणकावरही हेच वाक्य येत होतं, आणि त्याला तर तिन्ही मुलगेच. लेक होणार आहे, असा खुलासा बुवांनी केला होता. दत्तोबाच्या बायकोनं साठी ओलांडली होती. त्या दिवसापासून ती बुवांसमोर यायची बंद झाली.

कौशल्याचा हात ठुशीच्या गाठीकडे गेला, तेवढ्यात दारात एक बाई हेल्मेट काढत उभी राहिली. तेजस्विनीच्या संगणक क्लासच्या पूर्णिमाबाई. पोरगी आठ दिवस का आली नाही, हे विचारायला सदाशिव पेठेतून स्कूटर हाकत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चौकट वाचली, आणि ओके दाबून टाकलं.

बायकांनी एकमेकींचे दंड धरले. कौशल्याचे कान रस्त्याकडे लागले.

"अहो बुवा, डिस्क आपण कोरी केलीत," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "मग तेवढा वेळ आत्मा थांबला कुठे? सीडीवर?"

सीडी सिद्ध आहे, तिला बाटवू नका, असं बुवा म्हणेपर्यंत बाईंनी ती उघडलीसुद्धा. फोल्डरात फोल्डर, त्यात एक चिमुकली फाइल. नोटपॅडमध्ये उघडली, तर आत तेच वाक्य.

त्यांनी समजावलं. विंडोजची एक नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. सुरू होताना काय दाखवायचं, तेही तिच्यातच लिहिलेलं. कचेऱ्यांत सूचना द्यायला हीच चौकट वापरतात. बुवांनी ती नोंद सीडीतच घालून ठेवली. विंडोज चढली की ती आपोआप वहीत उतरते. घरातल्यांनी सीडी प्रसाद म्हणून जपली, आणि दर वेळी तीच घातली.

कौशल्या पहिल्यांदा बोलली. "म्हंजी बियाण्यातच तण व्हतं. रान कितीदाबी नांगरा."

"मग पुसा की," बुवा गुरगुरले. "पण धनी रस्त्यावर हाय, ध्यानात ठेवा."

कौशल्या पुन्हा रस्त्याकडे बघू लागली. पूर्णिमाबाईंनी रजिस्ट्री उघडली, ते वाक्य शोधलं, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "पुसायचं नाही. आपण लिहायचं. आपल्याला हवं ते."

आतल्या खोलीतून तेजस्विनी पुढे आली; ती एकेक अक्षर दाखवत गेली, आई एका बोटानं दाबत गेली. संगणक बंद झाला, पुन्हा सुरू झाला. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला आणि कौशल्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा तीच करडी चौकट समोर होती, आणि तिच्यात: "तेजू उद्या कॉलेजला जाणार."

सगळे बुवांकडे वळले. ते ढिगात आपल्या चपला शोधत होते.

"बुवा," दत्तोबा म्हणाला, "माझी लेक कधी येतीय, तेवढं सांगून जावा."

कौशल्यानं ओके स्वतः दाबलं.

भीती काही एका बटणानं जात नाही. त्या संध्याकाळीही गेनबाला पाव तास उशीर झाला आणि भाकरी करपलीच. पण गाडी वाजली, आणि सकाळी लेक निघाली. भीती वाटली तर वाटू द्यावी, बायांनो, दादांनो; फक्त ती कुणाच्या हातून घरात आली, हे विचारावं, आणि देव्हाऱ्यात ठेवलेलंही एकदा उघडून बघावं. तेजूला वेशीपर्यंत पोचवून परतताना कौशल्या गुणगुणत होती:

माझ्या लेकीच्या वाटंला, नको काटं ग भयाचं
आधी पाखडून घ्यावं, बियाणं पेरायाचं.