तळघरातलं रेकॉर्डिंग

"आर्वो, माझं स्केटिंग कुठे गेलं?" इर्याने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली.

तळघरातल्या टीव्हीचा आवाज कमी झाला. "मला काय विचारतेस? मी कुठे स्केटिंग करतोय?"

"रेकॉर्डिंगला लावलं होतं. त्या जागी कुणीतरी बटाटे सोलतंय."

"मशीन म्हातारं झालंय."

"या घरात मशीनच तेवढं म्हातारं झालंय, नाही का!"

खालून टीव्हीचा आवाज पुन्हा वाढला.

घरात रेकॉर्डिंगची यंत्रं दोन. एक वर बैठकीत इर्याचं, दुसरं तळघरात तिच्या नवऱ्याचं, आर्वोचं. मुलगी क्रिस्टा नाताळात कॅनडातल्याच कॅल्गरीहून इथे, थंडर बे शहरात आली, तेव्हा तिने दोन्ही एकमेकांना जोडून दिली. तेव्हापासून खालचं वर दिसे आणि वरचं खाली. एक यंत्र एका वेळी एकच कार्यक्रम घेई. त्याच वेळी आणखी एक हवा असेल तर तो दुसऱ्या यंत्रावर टाकायचा. आर्वोच्या यंत्रावर हॉकी आणि मासेमारी ठाण मांडून बसलेली. इर्या त्याच्या यादीत कधी डोकावली नव्हती. त्यात बघण्यासारखं काय असणार!

आज तिने यादी उघडली. हॉकी. मासेमारी. हॉकी. आणि खाली 'एकट्यापुरता स्वयंपाक', ओळीने सगळे भाग. त्याखाली 'कपडे कसे धुवावेत'. मग 'एकट्याने राहताना'. सगळे बघून झालेले, पण एकही पुसलेला नव्हता. एरवी आर्वो हॉकीचा सामना संपला की लगेच पुसून टाकणारा.

इर्या खुर्चीत टेकली. हल्ली बसल्या जागीही तिला धाप लागे. हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, तिचं हृदय थकलंय, शस्त्रक्रिया झेपणार नाही, औषधांवर निघतील तेवढे दिवस काढायचे. परतताना गाडीत आर्वो एकच वाक्य बोलला होता, "रस्ता निसरडा आहे." तेव्हापासून जेवण झालं की तो खाली जाई. आजारपण बघवत नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता तिला वेगळंच दिसू लागलं. सरोवराच्या बाजूला एकेका माणसासाठी फ्लॅट झाले होते. मिलमधले त्याचे दोन जुने सोबती तिथेच राहायला गेले होते.

तिने क्रिस्टाला फोन लावला.

"बाबा वेगळे राहणार? आई, त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत!"

"हल्ली सापडतात."

"मग सरळ विचार ना त्यांना."

"आमच्यात असं कुणी विचारतं का?"

"तेच तर. सगळं आयुष्य दोघं मुके!"

फोन ठेवल्यावर इर्या कठड्याला धरून, पायरी पायरीवर थांबत तळघरात उतरली. जिना तिला मना होता.

वाफ घ्यायच्या सॉनाच्या खोलीबाहेर, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी आर्वो उभा होता. विजेच्या छोट्या शेगडीवर लोणी करपलं होतं. टीव्हीवरची बाई कांदा हातात धरून थिजली होती. तिला त्याने थांबवून ठेवलं होतं.

"खाली कशाला आलीस? हाक मारायचीस."

"कधी जाणार आहेस, ते विचारायला आले."

"कुठे?"

"मला काय माहीत! एकट्याने राहायचं शिकतोयस ना? यादी पाहिली मी."

आर्वोने टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी कुठे जाणार, इर्या?"

"मग हे सगळं कशासाठी?"

हातातली सुरी खाली ठेवून आर्वोने मनगटाने डोळे पुसले. "कांदा," तो म्हणाला. मग म्हणाला, "वर, तुझ्यासमोर कसं शिकणार होतो?"

जाणारं माणूस कोण, ते तिच्या ध्यानात आलं. तिने हात मागे नेऊन स्टूल चाचपलं आणि बसली.

"तुझं स्केटिंग माझ्यामुळे गेलं," तो म्हणाला. "खाली जागा नव्हती. स्वयंपाकाचा भाग वर, तुझ्या यंत्रावर टाकला."

"हॉकी सोडायची होतीस."

"एवढंही काही नाही."

ती हसली. हसताना पुन्हा धाप लागली. तो पुढे आला, तसं तिने हातानेच त्याला थांबवलं. "सुरू कर. बघू दे, काय शिकलास."

त्याने नवा कांदा घेतला. फोडी जाड पडत होत्या, वेड्यावाकड्या, आणि अंगठा पात्याच्या अगदी पुढ्यात येत होता.

"बोटं आत वळव."

"अशी?"

"हं."

सुरी घसरली. इर्याचे हात आपोआप उचलले गेले. तिने ते परत मांडीवर आणले, एकावर एक ठेवले आणि त्याला पुढचा कांदा घेऊ दिला.